रोग्याची वार्ता आणि घराचा उंबरठा

चिंचवडचें नांव निघतांच आज कारखान्यांची धुराडीं डोळ्यांपुढें येतात. परंतु मोरया गोसावींच्या या गांवीं चापेकर बंधूंचा वाडाही आहे. त्या वाड्याशीं एक जुना प्रश्न निगडित आहे : लोकहितासाठीं रोग्याची माहिती हवी, पण ती मिळवावी कोणत्या मार्गानें?

१८९६ सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग लौकरच पुण्यास पोंचला. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चपासून प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनीं गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडती सुरू केली. रोगी कोठें आहेत हें कळल्यावांचून सांथ आवरणें कठीण, हें खरेंच. परंतु शिपाई माजघरांत, देवघरांत शिरले. स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या तक्रारी उठल्या. रोग्यास इस्पितळांत व घरच्यांस छावणींत नेण्यांत येऊं लागलें. तेव्हां लोक आजाऱ्यांस लपवूं लागले, प्रेतेंही गुपचूप पुरूं लागले. जी वार्ता हवी होती तीच दडली! २२ जून १८९७ च्या रात्रीं चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण चापेकरांनीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या. पुढें तिघे चापेकर बंधू फांसावर गेले. प्लेग मात्र पुण्यांत पुनःपुन्हां आला.

त्याच सांथींत हडपसरजवळ डॉ. यशवंतराव फुले यांनीं दवाखाना उघडला होता. तेथें सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत. १० मार्च १८९७ रोजीं त्या प्लेगनेंच वारल्या. शिपायास बंद असलेलें दार शुश्रूषा करणारास उघडत होतें.

हा धडा आजही जुना झालेला नाहीं. चाकणच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यांतील वढू येथें, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें २००२ सालापासून आसपासच्या बावीस गांवांतील जन्म, मृत्यु व स्थलांतर यांची नोंद चालविली. घरोघर जाऊन विचारपूस करण्याचेंच हें काम. पण संगीन नव्हे, विश्वास हें त्याचें साधन. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम रोग्याची समजून दिलेली संमति व गुप्तता आवश्यक मानतात. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें मात्र संशोधनास कांहीं अटींवर सूट दिली आहे. सूट मिळाली म्हणून जबाबदारी सुटत नाहीं. आतां झडतीस शिपाई लागत नाहीं. यंत्रांतील एक नोंद फुटली तरी घरचें गुपित चव्हाट्यावर येतें. रोग्यानें विश्वासानें सांगितलेली वार्ता ही ठेव आहे. ती सांभाळतां येत नसेल, तर मागण्याचाही अधिकार नाहीं.