अस्वलाचा फोटो

शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात नेली, की गुरुजींचा निम्मा वेळ मुले मोजण्यात जातो आणि उरलेला निम्मा मुलांना पुढे काढण्यात. त्यातून अस्वलाच्या जागेशी आले, की मुले हलायलाच तयार नसतात. कारण उघड आहे. अस्वल माणसासारखे दोन पायांवर उभे राहते, बूड टेकून बसते, पंजा वर करते. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवे? पूर्वी एखाद्याच मास्तरांजवळ कॅमेरा असे. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे. घटकाभरात पन्नास फोटो निघतात. आणि गंमत अशी, की त्यांतल्या पुष्कळांत ना गज दिसतो, ना जाळी. अस्वल आपले रानातच उभे आहे असे वाटते.

हा गज फोटोतून गेला कसा, ते मी तुम्हांला सांगणार आहे. आणि ते सांगता सांगता आपण स्कॉटलंडमधल्या एका अस्वलापाशी जाऊ. त्याच्या कथेचा एक धागा थेट आपल्या कोल्हापूरला येऊन मिळतो.

युरोपातल्या शहरांत अस्वले पूर्वी खड्ड्यात ठेवीत. खड्डा म्हणजे दगडांनी बांधून काढलेली विहीरच म्हणा ना. फक्त तळाशी पाण्याऐवजी अस्वल. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या निशाणावरच अस्वल आहे. तिथे १८५७ साली बांधलेला असा खड्डा २००९ पर्यंत वापरात होता. लंडनची प्राण्यांची बाग १८२८ साली उघडली, तिच्यातही सुरुवातीपासून अस्वलाचा खड्डा होता आणि त्याच्या मधोमध एक उंच खांब. अस्वल खांबावर चढे, आणि कठड्याशी जमलेले लोक काठीच्या टोकाला पाव खोचून त्याच्यापुढे धरीत. पंजा पसरला की खायला मिळते, हा धडा अस्वलाला माणसाने असा दिला.

फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली. पण खड्ड्यातल्या अस्वलाचा फोटो काढायचा म्हणजे महासंकट! वरून पाहिले तर दिसणार काय, तर काळोखातली एक केसाळ पाठ. शिवाय त्या काळचा कॅमेरा फार सावकाश पाही. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत काढली. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असेतो फोटो घ्यायचा आणि ओले असेतोच काच धुऊन काढायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारी खोलीही, निदान तंबू तरी, पाठीवर वागवायचा. आणि एवढे करून समोरच्याने काही सेकंद निश्चल राहायला हवे. माणसाला तशी ताकीद देता येते, अस्वलाला कोण देणार? कोंडलेले अस्वल तर घड्याळाच्या लंबकासारखे एकाच जागी डुलत राहते. त्याचा फोटो म्हणजे नुसता धुराचा लोट.

म्हणून त्या काळी झोपलेला प्राणी गाठीत. १८५२ साली लंडनच्या बागेत ओबेश नावाच्या पाणघोड्याचा एक फोटो घेतला गेला. घेणारा स्पेनच्या राजघराण्यातला, काउंट द मोंतिझोन. हा फोटो मोठा बघण्यासारखा आहे. ओबेशमहाराज पुढ्यात स्वस्थ आडवे झालेत, आणि मागे गजांना नाक लावून माणसांची रांग उभी आहे. कॅमेरा गजांच्या आतल्या बाजूला होता, एवढेच; पण चित्र पाहताना कोंडलेले कोण, असा क्षणभर प्रश्न पडतो.

हे गज काढून टाकण्याची युक्ती निघाली ती जर्मनीत. कार्ल हागेनबेक हा हॅम्बुर्गच्या एका मासे विकणाऱ्याचा मुलगा. पुढे तो जगातला मोठा प्राण्यांचा व्यापारी झाला. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो आणि किती उंच, हे त्याने स्वतः अजमावून पाहिले, आणि त्या मापाने चर खणले. चर असा खणायचा, की प्रेक्षकाला तो दिसू नये आणि प्राण्याला तो ओलांडता येऊ नये. मागे सिमेंटचे खोटे डोंगर. १८९६ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन येथे अशी बाग उघडली. ही कल्पना मग देशोदेशी पसरली. लंडनच्या बागेत पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अस्वलांसाठी मॅपिन टेरेसेस नावाचे सिमेंटचे डोंगर उभे राहिले. त्याआधीच, १९१३ च्या जुलैत, एडिंबरोला कॉर्स्टॉर्फिनच्या टेकडीवर नवी बाग उघडली. थॉमस गिलेस्पी या वकिलाने ती मनावर घेतली होती आणि तिची आखणी केली होती पॅट्रिक गेडिस आणि त्यांचे जावई फ्रँक मिअर्स यांनी. गेडिस हे नाव शिक्षक मंडळींना ओळखीचे वाटेल. हेच गेडिस पुढे हिंदुस्थानातली गावोगावची नगररचना पाहत हिंडले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

इकडे कॅमेराही स्वस्त झाला होता. कोडॅक कंपनीचा ब्राउनी १९०० साली निघाला, तो इंग्लंडात पाच शिलिंगांना मिळे. नुसता एक खोका. कळ दाबा, की फोटो. एका हाताने गज गेले आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा आला. तेव्हापासून प्राणिसंग्रहालयातले अस्वल फोटोत मोकळे दिसू लागले. फोटोत, बरं का. चर होता तिथेच होता. आजही एखाद्या ठिकाणी जाळी असलीच, तर कॅमेऱ्याचे भिंग जाळीच्या अगदी जवळ न्यावे, म्हणजे ती धूसर होऊन नाहीशी होते, ही युक्ती फोटोग्राफर एकमेकांना शिकवतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर जे आहे ते दिसू नये म्हणून.

आता त्या एडिंबरोच्या बागेतल्या अस्वलाकडे वळू. त्याची गोष्ट मात्र स्कॉटलंडात सुरू होत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया चालून गेले. रशियाच्या ताब्यात आलेल्या भागातून लाखो माणसांना आगगाडीच्या मालडब्यांत घालून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. पुढे १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांचे सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात उतरली. त्यांत सैनिक होते, तशाच बायका, पोरे आणि म्हातारी माणसेही होती. सगळी उपासमारीने खंगलेली.

इथे वाट फुटली. सैनिक पश्चिमेकडे गेले. बायकामुलांसाठी इराणात, आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात छावण्या निघाल्या. त्यांतली मोठी छावणी १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसली. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. घरातले कर्ते पुरुष मात्र पुष्कळांचे दूर, लढाईवर.

आणि त्या पुरुषांच्या बरोबर एक अस्वल होते.

१९४२ च्या एप्रिलात इराणातल्या हमदानजवळ एका पोराकडे अस्वलाचे पिलू होते. त्याची आई शिकाऱ्यांनी मारली होती. पोलिश लोकांनी ते विकत घेतले आणि थोड्याच महिन्यांत ते एका पलटणीत जाऊन पडले. तोफगोळे वाहून नेणारी ही बावीस नंबरची कंपनी. सैनिकांनी त्याला दारूच्या रिकाम्या बाटलीतून डब्यातले दूध पाजले आणि नाव ठेवले वोयटेक. ज्यांची स्वतःची लेकरे कुठे होती याचा पत्ता नव्हता, त्यांच्या हातात हे लेकरू आले. इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असा सारा प्रवास त्याने त्यांच्याबरोबर केला. बिअर प्यायला, कुस्ती खेळायला आणि सलाम करायला तो शिकला. १९४४ साली इजिप्तहून इटलीला जाताना जहाजावर जनावर घेईनात, तेव्हा पलटणीने त्याचे नाव रीतसर शिपाई म्हणून पटावर चढवले. मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत तो तोफगोळ्यांच्या पेट्या उचलून देत असे, असे त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. त्या प्रसंगाचे जे चित्र जगभर झाले, तो फोटो नव्हे. ते पलटणीचे बोधचिन्ह. तोफगोळा उचलून चाललेले अस्वल. हेच चिन्ह सैनिक पुढे बाहीवर लावीत.

सैनिकांनी काढलेले त्याचे फोटो मात्र आहेत आणि ते पाहावेत. एकात पिलू बाटलीने दूध पिते आहे. एकात ते सैनिकाशी झोंबी घेते आहे. माणूस आणि जनावर इतके लगटून, की हात कुणाचा आणि पंजा कुणाचा हे शोधावे लागते. इथे जाळी लपवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती नव्हतीच.

लढाई संपली. पण पोलंडचा पूर्वभाग रशियाने ठेवून घेतला होता आणि उरलेल्या देशावर त्याच्याच मर्जीतले सरकार आले होते. पुष्कळ सैनिकांना परतायला गावच उरले नाही. १९४६ साली त्यांना स्कॉटलंडात आणले, आणि बेरिकशरमधल्या विनफील्ड येथील छावणीत त्यांच्याबरोबर वोयटेकही राहिला. मग पलटण मोडायची वेळ आली. कुणी खाणीत कामाला जाणार, कुणी शेतावर, कुणी समुद्रापार. सहा फुटांवर वाढलेले अस्वल भाड्याच्या खोलीत कोण ठेवणार? १५ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याला एडिंबरोच्या बागेत पोहोचवण्यात आले. ज्या गिलेस्पींनी १९१३ साली बाग उभी केली, तेच अजून तिचे संचालक होते. पलटणीच्या मेजरांच्या संमतीवाचून वोयटेकला दुसऱ्या कुणाला देणार नाही, असा शब्द त्यांनी दिला.

पुढची सोळा वर्षे तो तिथेच होता. लोक त्याला पाहायला लोटत, बातमीदार फोटो घेत. शिपाई अस्वल म्हणून त्याचे नाव झाले होते. स्कॉटलंडात स्थायिक झालेले जुने सोबती रविवारी येत आणि पोलिश भाषेत हाका मारीत. ते शब्द कानांवर आले की तो मान वर करी, असे अनेकांनी लिहिले आहे. सोबती त्याच्याकडे सिगारेटी फेकीत. पलटणीत असताना कुणी तरी त्या पेटवून देई. इथे पेटवायला कोण? तो त्या तशाच खाऊन टाकी. काही जण तर रखवालदारांचा जीव टांगणीला लावून कुंपण ओलांडत आणि पूर्वीसारखे त्याच्याशी झोंबत.

आता हे दोन फोटो मनात शेजारी ठेवा. एक पलटणीतला, एक बागेतला. अस्वल तेच, उभे राहणे तेच, वर केलेला पंजा तोच. बागेतला फोटो पाहणारा म्हणणार, अस्वल आपल्याला सलाम करते आहे. कदाचित करतही असेल. कदाचित सिगारेट मागत असेल. आपल्या गावात दरवेशी अस्वल घेऊन येई, तेव्हा तेही मागच्या पायांवर उभे राहून नाचे, आणि आपण टाळ्या वाजवीत असू. नाकातून ओवलेल्या दोराला हिसका बसला की ते उभे राही, हे पुढे मोठेपणी कळले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो खेळ बेकायदा ठरवला आणि २००९ च्या सुमारास तो बहुतेक बंद पडला. उभ्या अस्वलाचा फोटो हा असा फसवा असतो. तो का उभा आहे, हे फोटोत उतरत नाही. त्यासाठी चौकटीच्या बाहेर काय आहे, ते ठाऊक असावे लागते. मुलांना फोटो दाखवताना मी तरी पहिला प्रश्न हाच विचारीन, की बाबांनो, चर कुठे आहे?

वोयटेकला बागेत टाकणाऱ्या सैनिकांना दोष देणारे लोक आहेत. मला तसे वाटत नाही. ज्यांना स्वतःचे दार उरले नव्हते, त्यांनी त्याला निदान पोटभर खायला आणि डोक्यावर छप्पर मिळेल अशी जागा पाहिली. पण ते रविवारी कुंपणावरून उड्या का मारीत, हे समजायला फार पांडित्य लागत नाही.

२ डिसेंबर १९६३ रोजी वोयटेक मरण पावला. त्याचे वय एकवीस वर्षांचे होते. २०१५ साली एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील बागेत त्याचा धातूचा पुतळा बसवला. त्यात तो एका पोलिश सैनिकाच्या शेजारून चालतो आहे.

वळिवड्याची छावणी त्याच्या आधी पंधरा वर्षे, १९४८ साली, रिकामी झाली होती. तिथली माणसे इंग्लंडात, आफ्रिकेत, मिळेल तिकडे पांगली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा एक स्तंभ आहे. छावणीच्या त्या जागेत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहायला आली. त्या वस्तीला आता गांधीनगर म्हणतात आणि लग्नसराईत गावोगावचे लोक कापड घ्यायला तिथे जातात.