कळण्यापासून पोळीपर्यंत: खानदेशच्या ताटातली नावं कमी कशी झाली?

"डॉक्टर, भाजी तर रोजच खातो," असं मधुमेहाचे, बद्धकोष्ठतेचे पेशंट हमखास सांगतात. कोणती, असं विचारलं की बटाटा, वांगी, कधीतरी मेथी. आणि दोन्ही वेळा गव्हाची पोळी. जळगाव-धुळ्याकडचं ताट नेहमीच इतकं मोजकं नव्हतं.

जुन्या पद्धतीत ज्वारी-बाजरीच्या मधल्या ओळींत तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी असायची आणि बांधाला अंबाडी, तीळ. निंदणी करताना बायकांच्या ओट्यात तांदुळजा, घोळ, कुरडू यायचे. खरं तर ही तणं. बी विकत न घेता मिळालेली भाजी. कळण्याची भाकरी याच शेतातली. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळायचे. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर. एकाचं उणं दुसरं बऱ्याच अंशी भरून काढतं. सालामुळे चोथा मिळतो तो वेगळाच.

अर्थात जुनं सगळं सोन्याचं नव्हतं. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ याच काळातले. एक पीक बुडालं तर दुसरं हाती लागावं, म्हणून ही मिश्र पेरणी होती.

मग कापूस आला. म्हणजे होताच, पण आता वाढला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव भडकले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण काळ्या जमिनीतला कापूस राहिला. पुढे तापीकाठी रावेर-यावलला केळीच्या बागा वाढल्या. हातात पैसा आला, पण घरच्या डाळींची जागा घटली. तणनाशकं आली तेव्हा ओट्यातली भाजीही गेली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी खावी लागली. तिची आठवण वयस्कर पेशंट अजून तोंड वाकडं करून सांगतात. रेशनच्या गव्हाने पोळी रोजची झाली.

नवं काही खायला सांगितलं की "आपल्याकडे खात नाहीत" असं उत्तर येतं. पण ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे दक्षिण-मध्य अमेरिकेतले, पोर्तुगीज काळानंतर आलेले. आपल्या आज्या-पणज्यांनी नवं स्वीकारलंच होतं.

आतड्यांतल्या उपयुक्त जंतूंना वेगवेगळ्या वनस्पतींचा चोथा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आठवड्याला ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त प्रकारचे जंतू आढळले. त्यामुळे आजार टळतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. ३० हा आकडाही पाठ करू नका. डाळी, मसाले, तीळ, जवस सगळे मोजा. आठवड्यातून दोन दिवस कळणा, एकदा अंबाडी, वरणात तुरीसोबत मूग, एवढ्यानेही यादी लांबते. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल. हळूहळू वाढवा, पाणी पुरेसं प्या. मुतखडा असेल तर घोळ टाळा, त्यात ऑक्झलेट फार असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरीन गोळी चालू असेल, तर पालेभाज्या वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.