गिरगावची हरवलेली चित्रपटगृहे

१/ भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटना मुंबईच्या गिरगावात घडल्या. त्या ज्या वास्तूंत घडल्या, त्यांपैकी आज एकही उभी नाही.

२/ पहिली वास्तू सँडहर्स्ट रस्त्यावरील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी येथे लागला. तिकिटात केवळ चित्रपट नव्हता. नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलण्याचे खेळही त्याच कार्यक्रमात होते. चित्रपट तेव्हा रंगमंचाचा भाडेकरू होता.

३/ दुसरी वास्तू मॅजेस्टिक. १४ मार्च १९३१ रोजी येथे अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचे सांगितले जाते.

४/ पुढे मॅजेस्टिक पाडले गेले. त्या जागी व्यापारी संकुल आले. नाव तेवढे राहिले. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलमुळे तेच नाव मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले.

५/ ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे चित्रपटही गेला आणि तो जेथे प्रथम ऐकला गेला ते सभागृहही. पिटात कोण बसे, बाल्कनीत कोण, दोहोंचे दरवाजे वेगळे होते का, हे वास्तूने सांगितले असते.

६/ चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या नावांनी लिहिला जातो. प्रेक्षकांचा इतिहास मात्र अशा इमारतींतच नोंदलेला असतो. त्या पडल्यावर उरतात जुन्या जाहिराती, तिकिटांचे अर्धुक आणि आजी-आजोबांच्या आठवणी. यांतील आठवणींना वेळ सर्वांत कमी आहे.