कड्यावरचें बेट

बेट म्हटलें कीं चहूंकडचें पाणी डोळ्यांपुढें येतें. परंतु वनस्पतींच्या इतिहासांत अशींही बेटें आहेत, कीं ज्यांच्याभोवतीं पाण्याऐवजीं पोकळीच असते. सह्याद्रीचे गड हीं तशींच बेटें होत. वाशीम जिल्ह्यांतील मालेगांवच्या शिवाराखालीं जो काळा अग्निजन्य पाषाण आहे, तोच या गडांचाही; पण तिकडे त्यावर शेतें पिकलीं, आणि इकडे तो उभा कडा होऊन राहिला. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांच्या भेगांत शिंदळ माकुडी ही मांसल वनस्पति वाढते. महाराष्ट्राबाहेर ती रानांत कोठेंही आढळत नाहीं.

निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें जुन्नर भागांतील या वनस्पतीचें वर्णन १८६५ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्यानें तिला 'फ्रेरिया इंडिका' हें नांव दिलें. तिच्या नात्यांतील वनस्पतींना बहुधा पानें नसल्यासारखींच असतात. हिला मात्र पावसाळ्यांत ठसठशीत पानें येतात. म्हणून तिच्यासाठीं स्वतंत्र कुल कल्पिलें गेलें. १९५८ मध्यें रौलीनें तिला 'कॅरॅलुमा' कुलांत घातलें. पुढें ती 'बोसेरोशिया' कुलांत गेली. कुल बदललें, तरी 'फ्रेरी' या पदांत गव्हर्नराचें नांव राहिलेंच.

पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तिला गर्द तांबडीं, पिवळ्या खुणांचीं, ताऱ्यासारखीं फुलें येतात. माशा त्यांचें परागण करितात. उन्हाळ्यांत पानें गळतात, आणि खोडांतील पाण्यावर ती जीव धरून राहते.

ज्या कड्यानें गडाचें शत्रूपासून रक्षण केलें, त्यानेंच हिचें गुरांपासून केलें. तरीही चराई, वणवे, दरडी आणि संग्राहकांचा लोभ यांनीं तिला गांठलेंच. १९८० नंतरच्या दशकांत आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें तिची गणना जगांतील बारा अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली.

खोडाचा तुकडा लाविला तरी ती रुजते. त्यामुळें परदेशांतील हौशी लोकांच्या कुंड्यांतही ती फुलते. पण एकाच खोडाच्या तुकड्यांपासून केलेलीं शंभर रोपें म्हणजे एकाच रोपाच्या शंभर प्रती होत. निरनिराळ्या रोपांचा संकर आणि वाऱ्यावर जाणारें बीं यांनींच वंश बळकट होतो, आणि तें घडावयाचें तर कड्यावरच. किल्ल्याची डागडुजी करितांना बुरूज सांभाळावेतच. परंतु त्याखालची भेगही सांभाळावी, कारण या गडाचा तो जिवंत शिलेदार तेथें अद्याप पहाऱ्यावर आहे.