मित्राला गेम उसना देण्याचा हक्क नेमका कुणाचा? #थ्रेड

१/ १० जून २०१३. लॉस एंजेलिसमधील 'ई-थ्री' या व्हिडिओ गेमच्या वार्षिक मेळ्याच्या निमित्ताने सोनी कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. प्लेस्टेशन ४ वरील गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, याचे 'प्रशिक्षण' देणारी. शुहेई योशिदा आणि अ‍ॅडम बॉइज हे कंपनीचे दोन अधिकारी समोरासमोर उभे राहतात. एक जण गेमची डबी दुसऱ्याच्या हातात देतो. चित्रफीत संपते.

२/ अर्ध्या मिनिटाचाही नसलेला हा विनोद जगभर गाजला. पण डबी हातात देणे ही इतकी साधी कृती विनोदाचा विषय का व्हावी? ते समजण्यासाठी शंभर वर्षे मागे, गेमकडून पुस्तकाकडे जावे लागते. उसने देण्याच्या हक्काचा हा इतिहास आहे. या हक्काचे पुढे काय झाले, हे आज डिजिटल गेम घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

३/ १९०४ साली अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशन संस्थेने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. आत सूचना छापली होती : किंमत १ डॉलर, याहून कमी किमतीत विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रसिद्ध दुकानाने ती ८९ सेंटना विकली. प्रकाशक न्यायालयात गेला.

४/ १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरील प्रकाशकाची सत्ता संपते. पुढे ती कुणी, कुणाला, किती किमतीत द्यायची, हे तो ठरवू शकत नाही. हेच 'प्रथम विक्रीचे तत्त्व'. १९०९ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. (मेसीजचे मालक इसिडोर स्ट्रॉस हे या खटल्यातील एक पक्षकार. चारच वर्षांनी टायटॅनिकच्या दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला.)

५/ इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. हे तत्त्व मजकुरावर हक्क देत नाही. ते फक्त हातातल्या त्या एका प्रतीपुरते आहे. प्रत देता येते, तिची नवी प्रत काढता येत नाही. कागदाच्या जगात हा भेद सरळ होता. पुढे सगळा पेच याच ठिकाणी पडला.

६/ आता गेमकडे येऊ. १९८० च्या दशकात निन्टेन्डोचे गेम प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये येत. आपल्याकडे पुढे त्यालाच सर्रास 'कॅसेट' म्हटले गेले. अमेरिकेत व्हिडिओ लायब्रऱ्या या कॅसेट भाड्याने देऊ लागल्या. निन्टेन्डोला ते खुपत होते. भाडे थांबवणे कायद्याने शक्य नव्हते. म्हणून १९८९ मध्ये कंपनीने ब्लॉकबस्टरला न्यायालयात खेचले, ते गेमसोबतच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स काढल्याबद्दल!

७/ १९९० साली अमेरिकेत संगणकीय सॉफ्टवेअर व्यापारासाठी भाड्याने देण्यावर बंदी आली, कारण लोक फ्लॉपी भाड्याने आणून घरी तिची नक्कल करत. मात्र त्या कायद्याने कन्सोलच्या गेमना स्पष्ट सूट दिली. कॅसेटची घरबसल्या नक्कल करणे सोपे नव्हते. म्हणजे गेम उसना देण्याचा हक्क वाचला, तो वस्तूच्या जडपणामुळे.

८/ जपानमध्येही हाच प्रश्न उभा राहिला. गेम कंपन्यांचा युक्तिवाद होता की गेम हा चित्रपटासारखा असून त्याच्या वितरणावर आमचे नियंत्रण आहे. तेव्हा जुने गेम विकणारी दुकाने बेकायदा ठरतात. २५ एप्रिल २००२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गेमला चित्रपटाचा दर्जा मान्य केला. पण पहिल्या विक्रीनंतर वितरणाचा हक्क संपतो, असे सांगून जुन्या गेमची दुकाने वाचवली.

९/ न्यायालयात जे साधले नाही, ते तंत्रज्ञानाने साधले. २००५-०६ च्या सुमारास एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वी हे कन्सोल आपापली ऑनलाइन दुकाने घेऊन आले. आता गेम थेट कन्सोलमध्ये उतरू लागला. डबी नाही, डिस्क नाही. खरेदीची कळ दाबणाऱ्याला मिळत होता तो केवळ वापरण्याचा परवाना, आणि तो त्याच्या खात्याला किंवा थेट त्या यंत्रालाच बांधलेला.

१०/ मग १९०८ चे तत्त्व इथे का चालले नाही? कारण फाइल पाठवणे म्हणजे समोरच्या यंत्रात तिची नवी प्रत तयार होणे. 'रीडीजी' ही कंपनी लोकांना विकत घेतलेली गाणी पुन्हा विकू देत असे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणाने ते अवैध ठरवले, आणि २०१८ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

११/ परवान्याच्या जगात हक्काची जागा आकड्याने घेतली. प्लेस्टेशन ३ वर एकदा घेतलेला डिजिटल गेम पाच कन्सोलवर चालवता येई, आणि मित्रमंडळी मिळून एक गेम वापरत. १८ नोव्हेंबर २०११ पासूनच्या खरेदीसाठी सोनीने हा आकडा दोनवर आणला. त्यासाठी खटला लागला नाही की कायदा लागला नाही. कंपनीची घोषणा पुरली.

१२/ आणि मग जून २०१३. मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले. दर २४ तासांनी इंटरनेटशी जोडणी आवश्यक. डिस्कवरचा गेमसुद्धा खात्याला बांधलेला. तो मित्राला देता येईल, पण एकदाच. आणि तो मित्र किमान ३० दिवस तुमच्या यादीत असला पाहिजे. सोनीची चित्रफीत हा या नियमांना दिलेला टोला होता.

१३/ गदारोळ एवढा झाला की १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. खेळाडूंचा तो विजय होताच. पण मूळ योजनेत आणखी एक गोष्ट होती : कुटुंबातील दहा जणांपर्यंत आपला गेमसंग्रह वापरू देण्याची सोय. तीही त्याबरोबर गेली. डिस्क पूर्वीसारखी मोकळी झाली, डिजिटल गेम मात्र बांधलेलाच राहिला. टोला हाणणाऱ्या सोनीचे डिजिटल गेमही मित्राला देता येत नव्हतेच.

१४/ कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुने पुस्तक पिवळे पडते, डिस्कवर ओरखडे उठतात. डिजिटल प्रत झिजत नाही. ती मोकळेपणाने फिरू लागली तर नवी कोण घेईल? शंका रास्त आहे. पण 'एका वेळी एकाच यंत्रावर' ही अट तंत्रज्ञानाने पाळता येते. म्हणजे अडचण केवळ तांत्रिक कधीच नव्हती.

१५/ युरोपात वेगळी वाट दिसली होती. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने 'यूज्डसॉफ्ट' खटल्यात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुन्हा विकता येतो, असे म्हटले. त्याच धर्तीवर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील गेमच्या पुनर्विक्रीला मान्यता दिली. २०२२ मध्ये अपिलात ती वाट बंद झाली. गेम म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नव्हे. त्यात चित्र, संगीत, कथा आहे, हा त्यामागचा विचार.

१६/ २०२५ मध्ये वर्तुळ चमत्कारिक रीतीने पूर्ण झाले. निन्टेन्डोने 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणले. डिजिटल गेम कार्डासारखा एका कन्सोलमधून 'काढून' दुसऱ्यात 'घालता' येतो आणि कुटुंबगटातील व्यक्तीला उसना देता येतो. पण चौदा दिवसांपुरताच; नंतर तो आपोआप परत येतो. ज्या कंपनीने भाड्याच्या कॅसेटविरुद्ध झुंज घेतली, तिनेच आता उसनवारीची मुदत ठरवली.

१७/ त्याच वर्षी स्विच २ सोबत 'गेम-की कार्ड' आले. हे कार्ड हातात धरता येते, मित्राला देता येते. पण त्यात गेमच नाही. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. तिकडे वस्तूशिवाय उसनवारी, इकडे गेमशिवाय वस्तू. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे : परवाना विकत असाल तर तसे स्पष्ट सांगा, नुसते 'विकत घ्या' असे लिहू नका.

१८/ या इतिहासातून एक भेद हाती लागतो : हक्क आणि सवलत. पुस्तक, कॅसेट, डिस्क उसनी देणे हा हक्क होता. तो काढून घ्यायला न्यायालयात जावे लागे आणि तिथे कंपन्या हरतही. पाच कन्सोल, दोन कन्सोल, चौदा दिवस या सवलती आहेत. त्या देणारा उद्या त्या बदलू शकतो, आणि त्यासाठी त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

१९/ सवलती वाईट नसतात. व्हर्च्युअल कार्डामुळे अनेक घरांत भावंडांची सोय झाली असेल. पण धाकट्या भावाला गेम द्यायचा की नाही, हा निर्णय पूर्वी घरात होत असे. आता तो वापराच्या अटींमध्ये आधीच झालेला असतो. पुढच्या वेळी 'मला मान्य आहे' ही कळ दाबण्यापूर्वी त्या अटींतला उसनवारीचा परिच्छेद तेवढा शोधून वाचा. तुमच्या संग्रहातले खरोखर तुमचे किती, हे त्यातून कळेल.