न खाणाऱ्या माशाची फ्लाय

गळाला लोकर-पिसं बांधून मासा फसवायची विद्या फार जुनी. इसवी सन २००च्या सुमारास रोमच्या इलियनने मॅसिडोनियातली रीत लिहून ठेवली: गळाला लाल लोकर गुंडाळायची, कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधायची. पुढे १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळ-मासेमारीच्या ग्रंथात बारा फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली अशी नकली आमिषं, दिल्या आहेत. सगळ्यांमागचा हिशेब एकच. मासा किडा खातो, म्हणून किड्याची नक्कल करा.

शॅडपुढे हा हिशेब चालत नाही. बंगाल्यांच्या इलिशच्या कुळातला हा अमेरिकन मासा अटलांटिकमध्ये वाढतो आणि वसंतात अंडी घालायला कनेटिकट, डेलावेअर अशा नद्यांत चढतो. या वाटेवर तो जवळपास उपाशीच असतो. तरीही तोंडासमोरून काही चमकत गेलं की झडप घालतो! का, यावर गळवाल्यांत वाद आहेत. मला तरी भुकेपेक्षा चिडीचं कारण पटतं.

म्हणूनच शॅडची फ्लाय कोणत्याही किड्यासारखी दिसत नाही. कनेटिकट नदीवरची जुनी घडण अगदी साधी: चंदेरी जर गुंडाळलेला गळ आणि पुढे लाल मणी.

हा मासा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुळात नव्हताच. १८७१ साली सेथ ग्रीन या मत्स्यपालकाने शॅडची हजारो पिल्लं दुधाच्या कॅनमध्ये भरली, वाटेत पाणी बदलत रेल्वेने कॅलिफोर्नियाला नेली आणि सॅक्रामेंटो नदीत सोडली. दोनच वर्षांपूर्वी देशाच्या आरपार जाणारा लोहमार्ग पुरा झाला होता, म्हणून हे जमलं. त्या बाजूला स्टीलहेड माशासाठी ‘कॉमेट’ नावाच्या फ्लाय बांधत. त्यांचे डोळे मण्यांच्या साखळीतून कापलेले. बेसिनच्या बुचाला असते, तीच साखळी. असे डोळे आता शॅडच्या फ्लायवरही सर्रास दिसतात.

बांधताना गळ शिकंज्यात घट्ट धरायचा आणि त्याच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे द्यायचे. मग मण्यांची जोडी आडवी ठेवून दोरा तिरपा, आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी घ्यायचा. इथे हात सैल पडला की डोळे फिरतात आणि फ्लाय पाण्यात कलते. मागे भडक गुलाबी किंवा पोपटी केसांची छोटीशी शेपूट, वर जरीचे वेढे, शेवटी गाठ आणि लाखेचा थेंब.

शॅड बहुधा तळालगत चालतो, त्यामुळे फ्लायही तिथंच खेळवावी लागते, आणि दगडांत अडकून कित्येक तुटतात. विकतच्या फ्लाय अशा गमावणं परवडत नाही. शिवाय प्रवाहाच्या जोराप्रमाणे वजन बदलावं लागतं. म्हणून घरी बांधणाऱ्याच्या डबीत एकाच घडणीच्या फ्लाय तीन-चार वजनांत असतात: संथ पाण्याला बिनमण्यांची, मध्यम धारेला साखळीच्या मण्यांची, जोराच्या धारेला भरीव धातूच्या डोळ्यांची.