पिंजोर आणि मोहाली : छोट्या ट्रॅक्टरच्या नावलौकिकाची गोष्ट

चंदीगढला नेमणूक असताना कालक्याच्या रस्त्याने जाण्याचा योग वारंवार येई. वाटेत पिंजोर लागे आणि एच.एम.टी.च्या ट्रॅक्टर कारखान्याची लांबलचक भिंत गाडीच्या काचेतून सरकत राही. शहराच्या दुसऱ्या अंगाला मोहालीत स्वराज ट्रॅक्टरचा कारखाना. दोहोंतले अंतर मोटारीने तासाभराचे. हे दोन कारखाने म्हणजे एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे आहेत, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. तो प्रश्न असा : लहान शेतकऱ्याला परवडेल असा वीस-पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर या देशात कोणी आणि कोणाच्या तंत्रज्ञानाने करावा?

हा प्रश्न साठच्या दशकातला. मेक्सिकन गव्हाच्या वाणांनी पंजाबचे शेत बदलले होते आणि नांगरणीला बैल पुरेनासे झाले होते. देशी कारखाने होते, पण थोडे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादहून बाहेर पडला. पाठोपाठ मद्रासला मॅसी फर्ग्युसन आणि मुंबईला महिंद्रांचा इंटरनॅशनल सुरू झाला. उरलेली गरज आयातीने भागे. त्यातले पुष्कळ ट्रॅक्टर पूर्व युरोपातून येत, कारण तिकडचा व्यवहार रुपयांत होई आणि डॉलरची चणचण आड येत नसे. किंमत शासन ठरवी, आणि वितरण व विक्रीवर १९७१ साली स्वतंत्र नियंत्रण आदेशही निघाला. शेतकऱ्याने नाव नोंदवायचे आणि पाळीची वाट पाहायची, असा तो काळ.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या रांगेत एक गंमत दिसते. जिथे रांग आहे तिथे लोकप्रियता मोजताच येत नाही. जो माल मिळतो तो विकला जातो आणि विकला जातो म्हणून उत्तम ठरतो. नियंत्रित किमतीवर हातोहात जी जादा रक्कम मोजली जाई, तेवढीच काय ती खरी मोजपट्टी. पण तीसुद्धा टंचाई किती आणि गुण किती हे वेगळे करून सांगत नसे.

याच सुमारास, १९७० साली, जॉर्ज अकरलॉफ यांचा निकृष्ट मोटारींच्या बाजारावरचा निबंध प्रसिद्ध झाला. खरेदीदाराला मालाचा दर्जा पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे त्याचे सार. १९६७-६८ हे वर्ष अकरलॉफ दिल्लीत होते, आणि त्या निबंधात तांदळातले खडे निवडणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणीचा उल्लेख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दर्जाविषयीच्या या अंधारावर त्यांनी जे उपाय सांगितले त्यांत हमी आहे, परवाना आहे, आणि ब्रँडचे नावही आहे. चांगल्या नावाला जपावे लागते, म्हणून ते खात्री देते.

आपल्याकडे शासनाने आणखी एक उपाय आधीच योजला होता. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे ट्रॅक्टरचे प्रशिक्षण व चाचणी केंद्र उभे राहिले. पीटीओवरची शक्ती, ओढण्याची ताकद, इंधनाचा खप, हायड्रॉलिकची उचल हे सारे तिथे मोजले जाते आणि अहवाल निघतो. एका पाहणी दौऱ्यात मी तिथे दोन दिवस काढले. काम चोख. परंतु त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत फिरताना बुदनीचा अहवाल वाचून ट्रॅक्टर घेतलेला एकही शेतकरी मला भेटला नाही. तो अहवाल आम्ही वाचतो, अनुदान मंजूर करताना. शेतकरी तीन गोष्टी विचारतो : डिझेल किती पितो, पार्ट कुठे मिळतो आणि विकायला काढला तर काय येईल.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९६५ च्या सुमारास दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने वीस अश्वशक्तीचा संपूर्ण देशी ट्रॅक्टर आखायला घेतला. मनमोहन सुरी संचालक होते. रेल्वे इंजिनांच्या ट्रान्समिशनसाठी त्यांचे नाव आधीच गाजले होते. चंद्रमोहन हे त्यांच्या चमूतले तरुण अभियंते. नमुने तयार झाले, शेतात चालले. तरीही केंद्र सरकारने झुकते माप दिले ते चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरला, आणि तो करण्याचे काम सोपवले एच.एम.टी.कडे. पिंजोरला १९७१ पासून पंचवीस अश्वशक्तीचा झेटर तयार होऊ लागला.

हा निर्णय मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. झेटर जगभर चाललेला होता. एच.एम.टी.ची यंत्रे कारखान्यांत आणि घड्याळे लोकांच्या मनगटावर होती. लग्नात जावयाला एच.एम.टी.चे घड्याळ देणारा सासरा त्याच नावाच्या ट्रॅक्टरवर सहज विश्वास ठेवील, हा हिशेब चुकीचा नव्हता. दुर्गापूरच्या यंत्रापाशी मात्र प्रयोगशाळेच्या शिक्क्याखेरीज काही नव्हते.

तो ट्रॅक्टर वाचला तो पंजाब सरकारमुळे. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने आराखडा घेतला, १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी स्थापन झाली आणि चंद्रमोहन आपल्या सहकाऱ्यांसह पंजाबात आले. १९७४ साली मोहालीतून स्वराज ७२४ बाहेर पडला. व्ही. व्ही. भट्ट यांनी या निर्णयप्रक्रियेवर १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. एम.ए.ला असताना तो आम्ही तंत्रज्ञान-निवडीचे उदाहरण म्हणून वाचला आणि परीक्षेत उतरवून विसरलो.

स्वराजला नाव कसे मिळाले? मला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे ज्यांनी यंत्र आखले तेच कारखाना चालवत होते आणि गिऱ्हाईक कारखान्याच्या दारात होते. शेतातली तक्रार परदेशी पत्रव्यवहारावाचून आराखड्याच्या टेबलावर पोचत होती. दुसरे कारण आपल्या मुलखातले आहे. स्वराजला इंजिनाची साथ होती किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची. पुढे १९८५ साली दोघांनी मिळून स्वराज इंजिन्स ही कंपनीही काढली. किर्लोस्करचे इंजिन तोवर गावोगावच्या विहिरींवर होते. ते खोलता येणारा मिस्त्री होता, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात होते. नव्या ट्रॅक्टरने जुन्या पंपाची पत उसनी घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

आणि तरी, छोटा ट्रॅक्टर म्हणून ही गोष्ट फसलीच. स्वराज स्वतः मोठ्या मापांकडे सरकला, बाकीचेही सरकले. कारण आपला ट्रॅक्टर नांगराइतकाच ट्रॉलीला जुंपला जातो. ऊस, विटा, वाळू, वऱ्हाड, काय वाटेल ते त्याने ओढायचे. वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तिथे दमतो. हळूहळू छोटा म्हणजे हलका असे समीकरण झाले. एका मापाचीच बदनामी झाली. कोणत्या कंपनीचा हा प्रश्नच उरला नाही.

ती धुतली फळबागांनी. नाशिककडे द्राक्षाच्या दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही आणि फवारणी तर थांबत नाही. तिथे बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीचा मित्सुबिशी शक्ती घरोघर झाला. माझे तिकडचे आप्त त्याला नुसते ‘मित्सुबिशी’ म्हणत. यंत्र बंगळूरचे, हाक जपानी नावाने. नंतर ते जपानी नाव गळले, तरी ट्रॅक्टर खपत राहिला. राजकोटकडच्या कंपन्याही या मापात उतरल्या.

इथे स्वतःविषयी एक कबुली. सेवेच्या मध्यावर एका यंत्रखरेदीच्या प्रस्तावावर मी ‘प्रस्थापित मेक, किमान तीन वर्षांचा विक्री-अनुभव’ ही अट घातली. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ती निर्दोष होती. एका लहान कारखानदाराचे यंत्र चाचणीत उत्तम उतरले होते, ते त्या अटीने पहिल्याच चाळणीत बाद झाले. तो माणूस मला भेटायला आला आणि त्याने शांतपणे विचारले, “साहेब, पहिले यंत्र कोणी तरी घेतल्याखेरीज तीन वर्षे मोजायला सुरुवात कुठून करू?” मी नियम सांगितला. भट्टांचा लेख मला त्या क्षणी आठवला नाही. आठवला तो पुढे पिंजोरवरून जाताना. माझ्या अटीत १९७४ चा स्वराज बसला नसता आणि झेटर अलगद बसला असता.

२००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्रांकडे गेली, पण स्वराज हे नाव त्यांनी पुसले नाही. दोन्ही नावे शेजारीशेजारी विकली जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच नावाने ‘कोड’ नावाचे अकरा अश्वशक्तीचे अरुंद यंत्र बाजारात आले, दुर्गापूरच्या आराखड्याहूनही लहान. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या काही जमिनीवर हरियाणा सरकारने सफरचंदांचा बाजार उभारायला घेतला.